धंतोलीतला भाग

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असाल तर फक्त रविवारच्या पुरवणीतून, जिथे मी कित्येक वर्षं टीव्हीवरच्या मालिकांची सालटी काढतोय. नागपुरात लोक माझ्या लेखणीला वचकून असतात. खोटं कशाला बोलू — मला ते आवडतं.

वैशाली आमच्या काटोलच्या घराशेजारची. लहानपणी कोळशानं भिंतीवर माणसं काढायची आणि मार खायची. मोठी होऊन तिनं एका मराठी वाहिनीसाठी विनोदी कार्टून मालिका केली. संत्र्याच्या बागेतला म्हातारा, त्याची बायको, शहरात नोकरीला गेलेला मुलगा — आणि सगळे अस्सल आपल्या बोलीत बोलणारे. पहिल्या भागांचं मी मनापासून कौतुक केलं. मग तो भाग आला.

त्यात मुलगा म्हाताऱ्याला नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्यात नेतो. म्हातारा काउंटरवर तोंड उघडतो, आणि त्याच्या बोलण्याची लाज वाटून मुलगा हिंदीत सांगतो, हे आमच्या बागेवर कामाला आहेत. म्हातारा तिथून पुढे मुलाला 'मालक' म्हणत सुटतो. "मालक, पाय चेपून देऊ काय?" "मालक, तुमची माय बरी हाय नं?" सलाईनच्या हातानं सलाम ठोकतो. लोक पोट धरून हसले असतील. मी मात्र टीव्ही बंद केला.

तो मुलगा मी होतो.

बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. "पोटात लय दुखून राह्यलं, बाई," असं ते काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, आणि मागेच रांगेत माझे साहेब उभे होते. मी पटकन म्हणालो, "हमारे बगीचे पे काम करते हैं." का म्हणालो? काय बिघडलं असतं? बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या मुलीला म्हणाले, "हो, मालक हायेत माहे." एकदाच. घरी आल्यावर त्यांनी तो विषय कधीच काढला नाही.

माझ्यापुढे काढला नाही, एवढंच. वैशालीला कुणी सांगितलं असेल — बाबांशिवाय खरं ठाऊक होतं कुणाला?

आणि मी काय लिहिलं, ठाऊक आहे? हा भाग धादांत खोटा आहे. असा मुलगा विदर्भात अजून जन्माला यायचाय. लेखिकेला आपल्याच माणसांची बदनामी करून हशा मिळवायचाय. चांगलं उतरलं होतं हो — राग आला की माझी भाषा फार छान चालते. वाचक पेटले. वाहिनीकडे तक्रारींचा पाऊस पडला, पुढचे भाग थांबले. असं खरंच घडलंय हे दाखवा, मग पाहू, असं तिला सांगण्यात आलं.

म्हणून ती काटोलला आमच्या घरी आली. मी तिथेच होतो. माझ्याकडे न बघता ती बाबांपुढे बसली.

"काका, तुमीच सांगतलं होतं नं मले? तो पोरगा कोनाचा, तेवढं सांगा. माहं काम जाऊन राह्यलं."

म्हणजे बाबांनी नाव सांगितलंच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग थांबले — माझ्यासाठी थांबले, मला कळत होतं. एका वाक्याचं काम होतं. माझी जीभ उचलली नाही.

"नाही वं पोरी," बाबा म्हणाले. "मी काईच नाही सांगतलं. असा पोरगा कुठी असते काय?"

माझ्यासाठी ते दुसऱ्यांदा खोटं बोलले. वैशालीनं चपला घातल्या आणि ती गेली.

मालिका कायमची बंद पडली. ती आता शिकवणी वर्गांच्या जाहिरातींसाठी चित्रं काढते. बाबा गेल्या उन्हाळ्यात वारले. ती खरं बोलत होती हे जाणणारा आता मी एकटाच उरलोय, आणि माझं सदर दर रविवारी छापून येतं.