आबामामाचे कान

ती बातमी घरच्या फोनवरून आली नाही. मामाचा शेजारी सदा परब सड्यावर, वाडीमागच्या कातळाच्या माळावर चढला, मोबाइलला रेंज मिळेपर्यंत काजूंच्या झाडांतून पुढे पुढे चालत राहिला आणि तिथून त्याने मला पुण्याला फोन लावला. "ताई, आबा गेले," तो म्हणाला. "दुपारची पेज जेवले, पडवीत आडवे झाले... ते उठाकच नाय." मागे वारा घोंघावत होता, तरी त्याचा शब्दन् शब्द मला स्वच्छ ऐकू आला. मी "हो" म्हणाले, पुन्हा "हो" म्हणाले आणि फोन ठेवला. त्याला आता काही आठवडे झाले. मामाविषयी चार चांगल्या गोष्टी लिहाव्यात म्हणून बसले आहे. त्या पुष्कळ आहेत. पण कुठूनही सुरुवात केली तरी मधे मीच येते, आणि मला बाजूला सारून पुढे जाता येत नाही.

आबामामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. मसुऱ्याजवळ, खाडीकडे उतरत गेलेल्या एका वाडीत त्याचं घर. थोडी भातशेती, काजू, आंब्याची चार कलमं आणि शनिवारी देवळात भजन. गाव त्याला ओळखायचं ते पखवाजामुळे. मला मात्र त्याच्या हातांपेक्षा कान आठवतात. भजन उभं राहण्याआधी तो पखवाज मांडीवर घ्यायचा, डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक थापायचा, चिमूटभर काढायचा, परत तेवढीच लावायचा आणि डोळे मिटून थाप ऐकायचा. आम्हाला सगळ्या थापा सारख्याच वाटायच्या. पेटीवाला कंटाळून जांभई द्यायचा. मामा मान हलवायचा, "नाय, अजून बसाक नाय." आणि मग एकदम त्याचा चेहरा निवायचा, तेव्हा आम्हालाही कळायचं की आता बसलं. त्या घरात खाणं तांदळाचं. गव्हाचं पीठ यायचं ते केवळ या कणकेसाठी. शनिवारी दिवेलागणीला मामी लिंबाएवढा गोळा भिजवून केळीच्या पानात बांधून द्यायची. गहू ही खाण्याची नव्हे, वाजवण्याची वस्तू आहे असं लहानपणी मला खरंच वाटायचं. मागच्या परड्यात नारळ पडला तर कुठल्या माडाचा ते मामा पडवीत बसून सांगायचा, आणि मासेवाली वळणापलीकडे असतानाच मामीला म्हणायचा, "इली गो ती."

वाडी खोलगट, त्यामुळे मोबाइल तिथे नुसता घड्याळ बघायला. बाकीच्यांनी तारेचे फोन केव्हाच काढून टाकले. मामाच्या माजघरातला तेवढा राहिला, तोही माझ्या हट्टामुळे. दर रविवारी सकाळी मी फोन करायचीच. मामी त्याला हात लावत नसे. "माका त्या नळीत बोलूक जमणा नाय," म्हणायची. सुट्टीत आम्ही गेलो तरी तो फोन आम्ही उचलत नसू. बोलायचं असलं की आम्ही मोबाइल घेऊन सड्यावर. तेव्हा तो रिसीव्हर कानाला लागायचा तो एकट्या मामाच्या.

एका पावसाळ्यानंतर मामा सांगायला लागला, "बाय, लाईनीत खरखरता. तू काय बोलतस ता समाजणा नाय."

मला तर त्याचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा येत होता. "मामा, इकडे अगदी स्वच्छ येतंय."

"तुका येता गो. माका येना नाय."

"लाईन एकच असते, मामा. इकडे चांगली तर तिकडेही चांगलीच असणार."

टेलिफोनचा शोध मीच लावला असावा इतक्या ठामपणे मी हे सांगितलं. त्याने तक्रार केली. एक माणूस येऊन खांबावरची तार बघून गेला, लाईन ठीक आहे म्हणाला. मग तर काय, माझा निकाल लागलाच. लाईन ठीक, माझे कान ठीक, म्हणजे बिघडलं कोणाचं? आमच्या घरात हुशार म्हणून माझं नाव आहे. कुणाच्या सांध्यांना काय लावायचं, कुणाच्या मुलाने काय शिकायचं, हे सगळं मी पुण्यात बसून ठरवते. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर उंट चांगला उंच लागतो, आणि माझा तसा होता.

पुढच्या चतुर्थीला मामाच्या घरी भजन होतं. दोन अभंगांच्या मधे बुवांनी मामाला काहीतरी विचारलं. टाळ अजून वाजत होते, पोरं ओरडत होती. मामा म्हणाला, "काय?" एवढंच. एवढ्यावर मी आतून, हातात प्रसादाचं ताट घेऊन, सगळ्यांसमोर म्हणाले, "बुवा, जरा मोठ्यानं बोला. मामाला ऐकू येत नाही हल्ली. फोनवर तर काही म्हणजे काही कळत नाही त्याला." लोक हसले, वाईट मनाने नव्हे. कोणीतरी म्हणालं, "आबानू, वयाचा काय करतलास?" मामाही हसला. त्याचा हात मात्र पखवाजावर तसाच राहिला होता. तो हात मी पाहिला होता, हे मला आज आठवतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि माझा भाऊ राजू त्याला कुडाळला घेऊन गेलो. तपासणाऱ्याने सांगितलं, "या वयात थोडं कमी होतंच." त्यातलं "थोडं" आम्ही गाळलं आणि कानाचं मशीन घेऊन आलो. पुढच्या रविवारी मामा म्हणाला, "ह्या लावलंय काय खरखर आणखीच वाढता." मी म्हणाले, सवय होईल. त्यानंतर माझं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "मशीन लावलंयस ना?" तो म्हणायचा, "होय, बाय." तो ते काढून ठेवत असे. मला ते ठाऊक होतं आणि मी त्याला त्याबद्दल लहान मुलाला बोलावं तशी बोलायची. हळूहळू त्याने लाईनीविषयी बोलणं सोडून दिलं. मी बोलत राहायची, तो "होय... होय, बाय..." म्हणत राहायचा. मामा आता शांत झाला, असं मी राजूला सांगितलं.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा मामीने मला पोळ्या वाढल्या. मी खूश. "मामी, तूही पुणेकर झालीस की." ती म्हणाली, "पीठ पडान होता." मी तूप घालून घालून खाल्ल्या. त्या घरात गव्हाचं पीठ पडून कसं राहिलं, हे माझ्या हुशार डोक्यात आलं नाही. संध्याकाळी पाहिलं तर पखवाज खुंटीवर नव्हता. तो सदाकडे गेला होता. मी मामाला विचारलं तेव्हा तो अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होता.

"सदाचो हात बरो आसा. बसात हळूहळू," तो म्हणाला.

"पण तू का सोडलंस?"

तो बिया पसरत राहिला. "उद्या देवळात चुकलंय तर? माझा माकाच कळाचा नाय... लोक तोंडार सांगूचे नाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमी सांगलास ता बरा झाला."

"बरं केलंस," मी म्हणाले. "आता आराम कर." अगदी हेच शब्द.

मामाचं कार्य उरकलं, राजू मुंबईला गेला, मी मामीपाशी राहिले. दुसऱ्या दिवशी तो पोचला का ते विचारायचं होतं. ऊन रणरणत होतं, सड्यावर जायचा कंटाळा आला, म्हणून मी माजघरातला फोन उचलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कानात जी खरखर सुरू झाली ती ओलं सरपण चुलीत कोंबल्यासारखी. त्यातून राजूचा आवाज तुकड्यातुकड्याने यायचा आणि बुडायचा. मी ओरडले, "राजू, मोठ्यानं बोल, काही ऐकू येत नाही."

"ताई, ओरडतेस कशाला?" एवढं मात्र नीट आलं. "तुझा आवाज इकडे अगदी स्वच्छ येतोय."

पुढे तो काय बोलला ते मला माहीत नाही. मी "हो" म्हणाले. मग "हो, हो." तिसऱ्या "हो"ला मला तो सूर ओळखू आला. तो मामाचा होता. मी रिसीव्हर हलवून पाहिला. त्याची ती वेटोळ्यांची वायर जरा पिळली की खरखर थांबायची, सोडली की पुन्हा सुरू. खाऱ्या हवेने ती टोकाशी हिरवी पडली होती. मामी दारात येऊन उभी होती. मी रिसीव्हर तिच्या कानाला लावला. तिने दचकून मान मागे घेतली.

"ह्या असा आयकाक येय तेंका?" ती म्हणाली.

"तुला कधी बोलला नाही?"

"सांगीत होते गो. माका वाटला, फोन असोच आसता." मग म्हणाली, "मगे गप रवले. तुमी शिकलेली माणसा. तुमी सांगलास कान गेले, तेंनी तसाच धरल्यानी."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी ऑफिसात दुसऱ्यांना ऐकवत आले आहे. बिघडली होती हातभर वायर, आणि शिक्षा दिली त्या वाडीतल्या सगळ्यांत चांगल्या कानांना. मला लाज वाटते. चूक झाली याची वाटते, पण त्याहून जास्त दुसऱ्या गोष्टीची वाटते. जो माणूस स्वतःच्या कानाला पटल्याशिवाय भजनाची पहिली थाप मारत नसे, त्याने त्या कानांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला, आणि मी त्याचं एक वाक्य खरं मानलं नाही. दर रविवारी तो ती खरखर शेवटपर्यंत कानाला लावून बसायचा. माझ्याआधी त्याने एकदाही फोन ठेवला नाही. मी काय बोलले त्यातलं त्याला काहीच कळलं नसणार, तरी मी बोलते आहे एवढं कळत होतं, आणि तेवढ्यासाठी तो बसायचा. मायेपोटी केलं, असं राजू म्हणतो. मला तसं म्हणवत नाही. माया असती तर एकदा उठून तो फोन कानाला लावला असता.

सदाने कसालच्या बाजारातून वायर आणली. जुनी काढली, नवी खोचली, झालं. त्याला ठेवलेला चहा अजून निवलाही नव्हता. कानाचं मशीन त्याच्या डबीत, फोनशेजारी कोनाड्यात आहे. मी ते उचलायला गेले तर मामी म्हणाली, "रवांदे."

पुण्याला आल्यावर पहिल्या रविवारी मी फोन केला. बराच वेळ वाजत राहिला. मग कुणीतरी उचलला आणि नुसता श्वास ऐकू आला.

"मामी?"

"आयकतंय गो."

मी विचारलं, जेवलीस का, रात्री सोबतीला कोण येतं. ती एकेका प्रश्नाचं उत्तर देत गेली, कुठेही "काय" म्हणाली नाही. मग म्हणाली, "कितक्या स्पष्ट येता गो." आणि मग, मला नव्हे, स्वतःलाच विचारावं तसं, "एवढाच होता?"

मी फोन कानाला लावून बसून राहिले.

"बाय?" मामी म्हणाली. "आसस मा? तुझो आवाज येना नाय..."

लाईन स्वच्छ होती.