आबांची बंद जीप

बंद पडलेली वस्तू मला बघवत नाही. सासरचा मिक्सर, शेजारणीची इस्त्री, ऑफिसातला कुरकुरणारा पंखा, सगळ्यांत मी हात घातलेला आहे, आणि नवऱ्याच्या मते त्यातलं निम्मं सामान माझ्याच हातून मोक्षाला गेलं. आई म्हणते, हिला कुठे बिघाड दिसला की ही वेणी अर्धी सोडून धावेल. ही खोड आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. त्यांनी जन्मभर जीप चालवली. कर्जत स्टेशनाबाहेर सीटा भरायच्या आणि कोंडाणे लेण्यांकडच्या वाड्यांवर सोडायच्या. माणसं, भाजीच्या पाट्या, अवघडलेल्या बाया, एकदा तर लग्नाची अख्खी बँडपार्टी त्यांनी त्या जीपमध्ये कोंबली होती. आमच्या दहिवलीत त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही. लहानथोर सगळे 'डायवर'च म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात ती जीप बंद पडली. मी पनवेलला असते. फोन केला की आबा म्हणायचे, "गाडी बंद हाय गं. करंटच नाय." चावी फिरवली तर दिवा नाही, हॉर्न नाही, स्टार्टरचा साधा 'टक' आवाजही नाही. चौक गावच्या हायवेवर त्यांचा जुना दोस्त गॅरेज चालवतो. तो येऊन बघून गेला, दोन कप चहा प्यायला आणि म्हणाला, "वायरिंग जळलंय. आता याचं सामान मिळत नाय." मला त्याचा रागच आला. म्हटलं, कामचुकार मेला, जुनी गाडी म्हणून टाळतोय. आबा मात्र शांत होते. पूर्वी गाडीचा साधा आवाज बदलला तरी जेवण सोडून तिच्याखाली शिरणारे आबा आता ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असायचे, गाडी बंद हाय, काय करणार. लोकही हळहळायचे. कोणी म्हणायचं, डायवर, तुमचा घोडाच गेला की. आबा मान हलवायचे. मला वाटायचं, माणूस आतून खचलाय.

दसऱ्याला माहेरी आले ती मनाशी ठरवूनच. आमच्या आळीची रीत अशी की दसऱ्याला दुपारी जीपची पूजा व्हायची, नारळ फुटायचा, मग आळीतली माणसं पाठीमागे बसायची आणि आबा सगळ्यांना नदीवरच्या पुलापलीकडे घेऊन जायचे. तेच आमचं सीमोल्लंघन. पलीकडून आपट्याची पानं आणायची आणि मग घरोघर सोनं वाटायचं. या वर्षी ते व्हायचं नाही, हे मला सहन होईना.

सकाळी आबा झेंडूची फुलं आणायला बाजारात गेले आणि मी बॉनेट उघडलं. आई दारातून म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. सणाचं कशाला हात काळे करतेस?" मी ऐकते थोडीच. बल्बाला दोन वायरी जोडून तपासायची युक्ती आबांनीच मला लहानपणी शिकवली होती. बॅटरीच्या दोन टोकांना लावला तर बल्ब लख्ख पेटला. इतके महिने उभ्या गाडीची बॅटरी, तिच्यात पाणी भरलेलं, टोकांना ताजं ग्रीस. म्हणजे बॅटरी धडधाकट होती. मग एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी गाडीच्या लोखंडाला टेकवली. अंधार. वायरिंग जळलंय म्हणे! बॅटरीतून गाडीच्या अंगाला जाणारी जाड वायर, जिला गॅरेजवाले अर्थ म्हणतात, तीच कुठेतरी सुटलेली होती.

पोतं अंथरून खाली शिरले. वायरीचं टोक चेसिसच्या मागे खोचलेलं होतं आणि त्यावर टेप गुंडाळलेली होती, अगदी नीट, पदर न सोडता. तिथेच थांबून विचार करायला हवा होता. आपोआप सुटलेल्या वायरीला कोणी टेप गुंडाळून ठेवतं का? पण मी त्या गॅरेजवाल्याला आणखी दोन शिव्या दिल्या, टेप सोलली, लोखंड घासलं आणि नट आवळला. चावी फिरवली. थोडी खोकली, धूर सोडला आणि जीप सुरू झाली. मी आनंदाने हॉर्नवर हात दाबूनच धरला.

आळी गोळा झाली. तेवढ्यात आबा फुलांची पिशवी घेऊन कोपऱ्यावरून आले. ते जागीच उभे राहिले. त्यांचा चेहरा मी बघितला आणि मला वाटलं, आनंद आहे. खरंच तसंच वाटलं.

दुपारी पूजा झाली. आबा काच पुसत होते, पुन्हा पुसत होते. कोणीतरी ओरडलं, "डायवर, निघायचं का नाय?" ते चढून बसले. मी शेजारी. मागे बायापोरं दाटीवाटीने, हसणं-खिदळणं चाललेलं. आळीतून बाहेर पडून वळण घेतलं तर ऊन समोरून आलं. रस्त्याच्या कडेला वाडीवरची एक आदिवासी बाई पाटीत झेंडू आणि आपट्याच्या डहाळ्या घेऊन बसली होती. मला ती लांबूनच दिसत होती. जीप सरळ तिच्याकडे निघाली होती. मी "आबा!" म्हणून किंचाळले आणि हँडब्रेक ओढला. बाईने पाय ओढून घेतला. पाटी चाकाखाली गेली.

तिला काही झालं नाही. ती उठून तिच्या भाषेत काहीतरी बोलत होती. मी खाली उतरून तिला धरलं. मागच्यांचं हसणं थांबलं होतं. आबा उतरले. बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. आळीतल्या एकाने विचारलं, वाईट हेतूने नाही, काळजीनेच विचारलं, "काका, दिसली नाय का ती?"

आबा म्हणाले, "नाय दिसली."

एवढंच. सगळ्यांसमोर.

पूल राहिलाच. जीप मी घरी आणली. आबा चालत आले, सगळ्यांच्या मागून. स्वयंपाकघरात आईने पदराने डोळे पुसले आणि मला सगळं सांगितलं. पावसाळ्याच्या तोंडालाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्यांचा पडदा गेलाय, चष्म्याने भागणार नाही, गाडी बंद करा. आबा घरी आले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच ती वायर काढून ठेवली. "तुला सांगू नको म्हणाले. म्हणाले, डायवर आंधळा झाला असं लोकांनी म्हणायला नको. गाडीचं नाव पुढं केलं, आपलं झाकलं. चौकचा तो गॅरेजवाला, त्याला समदं ठाव होतं. तो गप ऱ्हायला. आन तू..." मी दारात हात काळे करत उभी होते तेव्हाच तिने एवढं सांगितलं असतं तर, असं मनात आलं. पण तिनेही नवऱ्याला शब्द दिला होता. तिला काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत पोतं अंथरलं. नट सोडवला, वायर ओढून काढली आणि टेप गुंडाळायला लागले. माझी टेप काही त्यांच्यासारखी बसेना. आबांचे पाय गाडीपाशी येऊन थांबले.

"काय करतेस?"

"काय नाय. परत बंद पडली. वायरिंगच जळलंय बहुतेक."

ते गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली बसले. मला वाटलं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"जोड ती, बाय," ते म्हणाले. "परवापर्यंत लोकं म्हणायची, गाडी बंद पडली."