सावंत मॅडमचा स्फटिक

सावंत मॅडम ग्लोव्हज घालण्याआधी खुर्चीत बसून एकदा "आई गं!" म्हणायच्या. सकाळी सकाळी! चारकोपहून अंधेरीला आमच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंतच अर्ध्या संपलेल्या असायच्या. फारच दमल्या की मालवणी बोलीत शिरायच्या. पण कुठलाही निकाल आला, की पहिलं वाक्य ठरलेलं. "आधी धुवा, मग बोला."

धुवायचे ते स्फटिक. सिरियम, रोडियम आणि जर्मेनियम यांचं एक दुर्मीळ संयुग त्या वितळलेल्या कथलात वाढवायच्या. चंदेरी, पण काचेसारखं ठिसूळ. अतिशय थंड केलं की त्यातले इलेक्ट्रॉन जड झाल्यासारखे रेंगाळतात. "माझ्यासारखे, तिसरा जिना चढताना," मॅडम म्हणायच्या. शेजारणीने उपयोग विचारला तर म्हणायच्या, "सध्या तरी आम्हाला दमवायला." खरं तर चुंबकत्व आणि अतिवाहकता एकाच पदार्थात कशी नांदतात, ते यातून उलगडेल अशी त्यांना आशा होती. त्या आशेवरच सगळी नोकरी सरली बिचारीची.

निवृत्ती तोंडावर आली होती. मुदतवाढ हवी तर काहीतरी मोठं हाती लागायला हवं होतं. आणि एका शनिवारी दुपारी थंड करताना स्फटिकाचा विद्युतरोध धाडकन शून्यावर आला! विजेला अडथळाच नाही, म्हणजे अतिवाहक! मी तर ओरडलेच. साहेबांनी पेढे मागवले. मॅडम पडद्यावरच्या आलेखाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग पर्स उचलून म्हणाल्या, "सोमवारी बघू."

सोमवारी त्यांनी स्फटिक धुवायला आम्ल काढलं. साहेब वैतागले. "अहो, आधी छापू, मग धुवा ना!"

"छापल्यावर कोण धुतंय, साहेब?"

धुतलेला स्फटिक पुन्हा मोजला. शून्य गायब. वर चिकटून राहिलेलं कथील तेवढ्या थंडीत स्वतःच अतिवाहक होतं, दुसरं काही नाही. या कामात भलेभले तिथेच फसतात. मुदतवाढीचं कोणी पुन्हा नाव काढलं नाही. मला साहेबांचा राग आला, कथलाचा आला, मॅडमचाही आला.

शेवटच्या दिवशी कॅन्टीनमध्ये न राहवून विचारलंच, "मॅडम, तुम्हाला शनिवारी कशी शंका आली नाही हो?"

त्यांनी चहा बाजूला सारला.

"तेव्हाच कळलेला माका. आम्लाची बाटली हाताशीच होती गो. पण म्हटलं, एक रविवार तरी सुखाचो गावांदे."