सर्व्हरच्या आकड्यांची मी केलेली बेरीज

सकाळचे अकरा. जालना जिल्ह्यातलं एक दाखल्यांचं कार्यालय. गावाचं नाव संपादकांनी कापलंय, तेव्हा विचारू नका.

गाढवपणा माझाच आहे, आणि तोही बातमीदारीत केस पांढरे केल्यावरचा!

बाहेर रांग, खिडकीत एकच वाक्य: सर्व्हरवर लोड आहे. रांगेत वाटूरच्या पुष्पाताई. लेकीचा नर्सिंगला नंबर लागलेला. उद्यापर्यंत जातीचा दाखला दिला नाही तर जागा दुसरीला. माझं डोकं सटकलं. कार्यालयाच्या साहेबांना म्हणालो, कुठंय लोड, दाखवा. त्यांनी खरंच मशीनसमोर उभं केलं. काळ्या पडद्यावर ‘लोड ॲव्हरेज’ आणि पुढे तीन आकडे: आठ, साडेसात, साडेआठ.

आता मला सांगा, ओळीनं तीन आकडे दिसले की निवडणुका कव्हर केलेला माणूस काय करतो? मतमोजणीच्या फेऱ्यांसारखी बेरीज करतो. चोवीस! संध्याकाळी बातमी गेली: ‘सर्व्हरवर चोवीसपट भार, जनता वेठीस’. वाटलं, आता साहेब सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी जातो तर माझी बातमी खिडकीच्या काचेवर चिकटवलेली. येईल त्याला क्लार्क बोटानं तीच दाखवत होता. पुष्पाताई पुन्हा रांगेत.

“भाऊ, मशीन दमलं असं तुमीच लिव्हलं म्हणं. मंग मी आता भांडू कोणासंग?”

मशीनची देखभाल करणाऱ्या अन्सारी इंजिनिअरला फोन लावला. तो आधी पोटभर हसला.

“बेरीज कायकू केली, सर? एकाच मशीनची सरासरी आहे ती. मागच्या एका मिनिटाची, पाचाची, पंधराची.”

“बरं, आठ तरी जास्तच ना?”

“सोळा कोर आहेत त्याला. सोळा खिडक्या समजा. आठांवर काम चालू, आठ रिकाम्या.”

म्हणजे बघा, रांगेत कुणालाच दाखला मिळाला नाही. कार्यालयाला मात्र मिळाला, माझ्या सहीचा, विनाशुल्क.

तसाच साहेबांकडे गेलो. विचारलं, मशीन मोकळं आहे तर दाखले अडवले कोणी? ते शांतपणे म्हणाले, “आधी तुम्ही खुलासा छापा.”

खुलासा छापला. चौथ्या पानावर, तळाला.

पण त्याआधी, मुदतीच्या दिवशी संध्याकाळी खिडकी बंद झाली तेव्हा पुष्पाताईंच्या लेकीचा दाखला निघालेला नव्हता, आणि मशीन अर्धं रिकामं होतं.