वच्छलाबाईंचे जड ग्रह

वच्छलाबाईंचा पाय मोडला तो १९८६च्या उन्हाळ्यात, गच्चीवर मिरच्या वाळत घालताना. मांडीपर्यंत प्लास्टर चढलं. लकडगंजातल्या घरात दिवसभर भिरभिरणारी बाई एकदम खाटेला खिळली. नवरा रुपराव सकाळीच कळमन्याला धान्याच्या अडतीवर जायचे, मुली सासरी होत्या, आणि टीव्हीवर संध्याकाळशिवाय काही लागत नसे.

नणंदेचा मुलगा मुकुंद नुकताच इंजिनियर झाला होता. त्याची पुण्याला बदली झाली, तेव्हा जाता जाता त्याने आपला छोटा कॉम्प्युटर मामीच्या टीव्हीला जोडून दिला. टेपरेकॉर्डरमध्ये खेळाची कॅसेट घालायची, ती बराच वेळ किंचाळायची, आणि मग पडद्यावर तारे उमटायचे. यानातून एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जायचं, ग्रह शोधायचे, जमेल तिथे उतरायचं, माल गोळा करायचा, असा तो खेळ होता.

"जड ग्रहांच्या नादी लागू नका, मामी," मुकुंद म्हणाला. "ते नुसते वायूचे गोळे. उतरायला जमीनच नसते."

लहान ग्रहांवर उतरणं वच्छलाबाईंना चटकन जमलं, आणि तितक्याच चटकन त्यांना त्याचा कंटाळा आला. यान पिसासारखं टेकायचं, पिसासारखं उडायचं. मग वजनाचा आकडा मोठा दिसला, की त्या मुद्दाम तिकडे वळू लागल्या. बहुतेकदा मुकुंदचंच खरं निघे.

एका दुपारी मात्र पृथ्वीच्या अठरापट वजनाचा ग्रह समोर आला, आणि त्याखाली इंग्रजी अक्षरं उमटली: उतरता येईल. त्यांनी ती अडखळत दोनदा वाचली. यान खाली नेलं, तर ग्रहाने ते असं ओढलं, की काही सुचायच्या आत आपटून त्याचे तुकडे झाले.

संध्याकाळी रुपराव आले, तेव्हाही त्या पडद्यासमोरच होत्या.

"काय करून राहिली वं दिवसभर?"

"खाली उतरून राहिली. पण जमून नाही राहिलं."

"मंग सोड न."

"काहून सोडू? जमीन आहे तिथं."

रुपरावांनी हातपाय धुतले आणि खुर्ची ओढून घेतली. "दाखव बरं."

त्यानंतर रोज संध्याकाळी तेच. त्या यान सांभाळायच्या, रुपराव इंधनाचा काटा वाचायचे. यान कधी आपटायचं, कधी इंधन वाटेतच संपायचं. शेवटी वच्छलाबाईंच्या लक्षात आलं, की जमीन दिसेपर्यंत थांबून चालत नाही. ग्रह लिंबाएवढा दिसतो, तेव्हापासूनच वेग कमी करायला हवा. तरीही इंधन थोडंसं कमी पडत होतं.

"यानातला माल फेकून द्या," त्या म्हणाल्या. "हलकं होईल."

"एवढा सगळा?" अडत्याचा जीव कळवळला. "काही ठेव वं."

"फेका म्हणते न!"

रुपरावांनी बटण दाबलं. यान सावकाश, अगदी सावकाश खाली आलं आणि टेकलं. पडद्यावर नुसती जमिनीची एक रेघ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. लहान ग्रहांवर ती रेघ वाकडी दिसायची. हा ग्रह इतका मोठा, की त्याला बाकच दिसत नव्हता.

मग रुपराव उठून स्वयंपाकघरात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा बायकोसाठी चहा करून आले. साखर फार झाली होती. वच्छलाबाईंनी तो पूर्ण प्यायला.

प्लास्टर निघालं, काठी आली, काठीही सुटली. तरी दुपारची कामं उरकली, की वच्छलाबाई जड ग्रहांच्या शोधात निघायच्या. तसे आणखी काही सापडले. त्यांना त्यांनी पाटा, जातं, उखळ अशी नावं दिली. दिवाळीला मुकुंद आला, तेव्हा त्याच्यासमोर जात्यावर उतरून दाखवलं. तो हसतच सुटला आणि म्हणाला, "कॉम्प्युटर राहू द्या इथंच. माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त लागतो."

रुपरावांनी ही गोष्ट अडतीवर इतक्यांदा सांगितली, की शेजारच्या गाळ्यातले चंद्रभान एका रविवारी पाहायलाच आले. त्यांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं.

"वहिनी, इथं तर काहीच नाही. उतरून करता काय?"

"थोडं बसते," वच्छलाबाई म्हणाल्या. "मंग दुसरा पाहते."

चंद्रभानांनी मान डोलावली आणि रुपरावांकडे वळून विचारलं, "मले शिकवता का गा?"