म्हस्कूआबांचा हळू आवाज

शिरूरपासून दौंडपर्यंत बैलगाड्यांच्या शर्यतीसाठी आखलेला एकही घाट असा नव्हता, जिथं म्हस्कूआबांचा आवाज घुमला नाही. अंगात पांढराशुभ्र सदरा, डोक्याला गुलाबी फेटा, हातात माईक. आधी बैलांच्या मालकाचं नाव पुकारायचं, मग बैल सुटले की आबाही सुटायचे. "भिर्रर्र... झाली झाली झाली!" धुरळ्यात कुणाला काही दिसो न दिसो, आबा सांगतील ते माणसांना दिसायचं. ही किमया रंगमंचावरच्या भल्याभल्यांना साधत नाही.

पण जन्मभर कर्ण्याखाली उभं राहून आबांचा डावा कान पार गेला आणि उजवा जेमतेम उरला. त्यांचं कुजबुजणंसुद्धा शेजारच्या वस्तीवर ऐकू जायचं, आणि ही गोष्ट एकट्या आबांनाच ठाऊक नव्हती.

त्यांची बायको चांगुणाबाई म्हणजे अबोल माणूस. जत्रा सुरू झाल्या की नवरा गावोगाव आणि ही रानात राखणीला. हातात गोफण असायची, पण दगड क्वचित सुटायचा. पाखरं बघण्यातच तिचा दिवस सरायचा. लेक अपेक्षा कुरकुंभच्या कंपनीत लागली, तेव्हा तिनं आईला आधी दुर्बीण आणून दिली. यंदा विचारलं, "आई, अजून काय पायजे?"

"तुझ्या बापाच्या शेजारी बसून एकदा कायतरी बघायचंय. त्यांनी सांगायच्या आधी."

कंपनीतल्या काही जणांची सहल निघाली होती, आंबोलीचं जंगल आणि पुढं मालवणचा समुद्र. अपेक्षानं दोघांना त्यात बसवलं. ऐन चैत्रात, गावच्या जत्रेचा माईक दुसऱ्याच्या हाती देऊन आबा निघाले. ही गोष्ट लहान नव्हे.

आंबोलीत महेंद्र नावाचा वाटाड्या होता. त्यानं सगळ्यांना हिरव्या कापडाच्या आडोशामागं बसवलं आणि समोरच्या उंच झाडाची ढोली दाखवली. आत धनेशाची मादी. अंडी घालायच्या वेळी ती स्वतःला ढोलीत कोंडून घेते, तोंड लिंपून टाकते. उरलेल्या फटीतून नर तिला फळं भरवतो.

"आता एक शब्द नको हां, आबा."

आबांनी तोंडावर हात ठेवला. बसून बसून पाय वळले, मानेवरून घाम ओघळला, तरी हात हलला नाही. तेवढ्यात सगळ्यांच्या माना एकदम वर गेल्या. धनेशाच्या पंखांची घरघर दुरून ऐकू येते म्हणतात. आबांना कुठली येणार! पानांच्या गर्दीत ते वेड्यासारखे शोधू लागले. शेवटी बायकोच्या कानाशी वाकून त्यांनी जमेल तेवढ्या हळू विचारलं, "आला का गं?"

दरीनं तो प्रश्न परत विचारला. नर अर्ध्या वाटेतून वळला. फटीतली चोच तशीच राहिली.

"संपलं," महेंद्र म्हणाला. "आता लवकर यायचा नाही तो."

"अरं, मी हळूच इचारलं की!"

"व्हय, लई हळू," चांगुणाबाईनं दुर्बीण खाली सोडली. "ती आत कोंडलेली, भुकेजलेली, आन् तुमी भाईर कर्णा लावलाय."

दुसऱ्या दिवशी मालवणला आबांना हुरूप आला. पाण्याखाली बघायचं तर तोंडात नळी धरावी लागते. बोलायचा प्रश्नच नाही! फुगीर जाकीट घालून दोघं एकाच दोराला धरून तरंगत राहिली. खाली प्रवाळांचं रान पसरलेलं, कुठं शिंगांसारखं, कुठं फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं. त्यातून पिवळ्याजर्द माशांचा थवा असा सुसाट आला, की आबांना समोर शर्यतीचा घाटच दिसला. चांगुणाचं तोंड भलतीकडं होतं. तिला दाखवायला हवं! आणि आबा, पाण्याखाली, नळी सोडून ओरडले, "झाली!"

खारं पाणी थेट नरड्यात. हातपाय झाडले, मासे पांगले, पाणी गढूळ झालं. होडीवाल्यानं आबांना बखोट धरून वर ओढलं. उचक्या थांबल्यावर त्यांनी बायकोकडं बघितलं. ती पदर पिळत होती.

"दिसलं का तुला?"

"तुमचं पाय दिसलं."

परतीच्या वाटेवर गाडी पुन्हा आंबोलीला थांबली. सगळे उतरले. आबाही उठले, आणि परत खाली बसले.

"जा तू. मी हितंच बसतो."

"अवं, चला की."

"नगं. माझ्या घशात माझाच वैरी बसलाय."

ती दुर्बीण घेऊन गेली. आबा काचेतून झाडांकडं बघत राहिले. घाटाघाटांत ज्या आवाजाला नारळ-फेटा मिळाला, त्याच्यावर ते आज दात खात होते.

चांगुणाबाई परतली ती जवळजवळ पळतच. येऊन आबांच्या उजव्या कानाशी बसली.

"आला! चोचीत लालभडक फळ. फांदीवर बसला, हिकडं बघितलं, तिकडं बघितलं... तिनं चोच भाईर काढली, आन् ह्यानं अल्लाद..." बोलता बोलता चांगुणाबाईचा आवाज चढला, हात हलू लागले. गाडीतली माणसं वळून बघायला लागली. आबा डोळे मिटून ऐकत होते. शर्यत दुसऱ्याच्या तोंडून ते प्रथमच ऐकत होते.

"पर मला बघायचं हुतं गं, तुझ्यासंगं," ते म्हणाले.

"मलाबी." तिनं पदरानं चेहरा पुसला. "आता ऐका तरी. तर त्यानं फळ दिलं, आन्..."

"असं न्हाई," आबांना राहवेना. "आधी मालकाचं नाव घ्यायचं असतं!"

गाडीशेजारच्या झुडपातून दोन बुलबुल भुर्रकन उडून गेले.