वुलरच्या काठावरचा नारळ

परवा आमच्या राई गावच्या खाडीवर ह्यांच्या अस्थी सोडताना माझ्या हातात नारळ होता. त्याच्या भिजलेल्या शेंडीचा वास आला आणि मला काश्मीरमधलं वुलर सरोवर आठवलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सहलीची बस निर्जन डोंगर ओलांडून तिथे पोचली, तर समोर पाणीच पाणी. पलीकडचा काठ दिसेना. मोठ्या पाण्याला नारळ द्यायचा ही आमच्या कोळ्यांची रीत, म्हणून ह्यांनी राईहून तो पिशवीत आणला होता. ते टाकणार, तोच मी म्हटलं, "थांबा, ओहोटी लागू दे. मग आत जाईल."

आम्ही थांबून राहिलो. बसचा हॉर्न वाजत होता. शेवटी एक सहप्रवासी उतरून आले. "कशाची वाट बघताय हो?"

"ओहोटीची," हे म्हणाले.

"अहो भाईंदरकर, तळ्याला कुठली ओहोटी! कुणी सांगितलं तुम्हाला?"

खिडक्याखिडक्यांतून हशा उठला. शाळेत भूगोल शिकवणारी मी शेजारीच उभी होते.

हे कानापर्यंत लाल झाले. "मीच म्हटलं. खाडीवरचा माणूस मी, दुसरं काय सुचणार!"

त्यांनी नारळ टाकला. लाटेने तो पुन्हा त्यांच्या पायाशी आणून ठेवला. लोक आणखी हसले. मी पदर सावरत बसकडे चालू लागले. ह्यांनी पुढे तो विषय कधी काढला नाही, आणि मीही नाही.

"काकी, सोर आता," खाडीवर सोबत आलेला पुतण्या म्हणाला. "पानी उतरतंय."

मी नारळ सोडला. तो परत येईल म्हणून कितीतरी वेळ बघत राहिले.